लंगोटांची दोरी

मुलगी झाली तेव्हा आम्ही पेणमध्ये नव्या इमारतीत राहायला आलो होतो. बाजारातल्या डायपरने तिच्या मांड्या लालभडक झाल्या. मलम लावलं की दोन दिवस बरं, डायपर चढवला की पुन्हा तेच. शेवटी ठरवलं, कापडच वापरायचं.

रोह्याहून आई आली ती जुन्या सुती साडीचे तिकोनी लंगोट शिवूनच. मऊ होते, पण एका शूत अंथरुणापर्यंत सगळं ओलं. मग मी बटणांचे कापडी डायपर मागवले. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आत खिसा, खिशात सुती घडी. बाळ वाढेल तसं पुढचं बटण लावायचं. आईने एक उलटसुलट करून पाहिला.

"लंगोटच हाय गो, फक्त शाळेत जाऊन आलाय."

घरात असताना तिचे, बाहेर जाताना माझे, असं आमचं जमलं.

आमच्याकडे ऊन येतं ते फक्त रस्त्याकडच्या गॅलरीत. श्रावणातलं तर येऊन-जाऊन. तिथेच दोरी बांधली. आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी दारात. गणपतीच्या मूर्ती न्यायला गावोगावची माणसं याच रस्त्याने जोह्याच्या कारखान्यांत जातात, वर बघतात, बरं दिसत नाही, आत वाळवा, असं त्यांचं म्हणणं. आत वाळवून पाहिलं होतं. कुबट वास सुटायचा आणि पुरळ परतायचं. तसं सांगितलं, तर विकतचे परवडत नाहीत का, म्हणून त्यांनी विचारलं. शेजारी उभ्या नवऱ्याने मान खाली घातली. मला राग आला तो त्याचाच.

मी म्हणाले, "काका, इमारतीमागे कुत्री डायपर फाडून पसरतात, ते कुणाला दिसत नाहीत. माझे धुतलेले तेवढे दिसतात. दोरी निघणार नाय."

त्या दिवशी मी नवऱ्याशी बोलले नाही. दुसऱ्या सकाळी कंपनीची बस यायची वेळ झाली तरी तो दिसेना. पाहिलं तर गॅलरीत उभा. एकेक लंगोट झटकून, ताणून, चिमटे लावत होता. खाली सेक्रेटरी स्कूटर पुसत होते. त्यांनी वर पाहिलं, यानेही पाहिलं, आणि पुढचा लंगोट उचलला.

मुलीची कातडी महिन्याभरात स्वच्छ झाली. खाली फलकावर मात्र कागद लागला: दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत. आम्ही तो वाचला. त्याच संध्याकाळी दुसरी दोरी बांधली.