गाण्याचा तिसरा अर्थ

आणीबाणीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. नोकरी नवी, अजून कायम न झालेली. त्याआधीच्या पावसाळ्यात आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना पोलीस घरातून घेऊन गेले होते. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची जागची हलली नव्हती. तिच्यावर कुणी बसत नसे, आणि का बसत नाही हे कुणी बोलतही नसे.

गॅदरिंगच्या आधी प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर एक इंग्रजी रेकॉर्ड होती. कव्हरवर लांब केसांचे तरुण, पाठीमागे गाण्यांचे शब्द बारीक अक्षरात छापलेले.

"आपला तो गिटारवाला यातलं एक गाणं म्हणणार आहे," प्राचार्य म्हणाले. "मला या रॉकबिकमधलं काही कळत नाही. तुम्ही वाचून सांगा. यात आतलं काही नाही ना?"

"आतलं म्हणजे?"

"मॅडम, मी काय विचारतोय ते तुम्हाला कळतंय."

गिटारवाला मुलगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, इथे नदीपलीकडे देवपुरात खोली घेऊन राहणारा. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसायचा. लग्नाच्या बँडवाल्याकडून ड्रम मागून आणून दोन मित्रांबरोबर तो गाण्याची तालीम करत होता.

मी रेकॉर्ड घरी आणली. माझे घरमालक मारवाडी, कापडाचे व्यापारी. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता, त्यावर भजनं लागायची. दुपारी दुकान चालू असताना घरमालकीण भाभींनी मला ते गाणं लावू दिलं आणि स्वतःही शेजारी बसून ऐकलं.

"हा रडतोय का भांडतोय?" त्यांनी विचारलं.

मी सुई उचलून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग मी शब्द वाचायला घेतले. घड्याळवाला आला आणि गावातली सगळी घड्याळं घेऊन गेला, आता माझ्या खिडकीत सकाळ कोण आणणार, असं काहीसं ते होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा विरहाचं गाणं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटच्या कडव्यापाशी थांबले. 'गप्प बसायचं असं आम्ही ठरवलं नव्हतं, आम्हाला नुसती झोप लागली होती.' घड्याळवाला कोण, घड्याळं कुठली, सगळं मला स्पष्ट दिसायला लागलं. गाणारे लोक सातासमुद्रापलीकडचे, त्यांना धुळं ठाऊकही नसणार. पण एकदा दिसलेला अर्थ काही केल्या पुसता येईना. पुढच्या गाण्यात एक कुत्रा होता. मला त्याचाही संशय यायला लागला.

गाणं म्हणू देऊ नका, असं सांगणं सोपं होतं. पण का, असं विचारलं तर? तो अर्थ मला दिसला, हेच मला कबूल करावं लागलं असतं.

रविवारी गावाहून आबा आले. वडलांपाशी काही लपवायची सवय नव्हती, म्हणून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गानं म्हनजे गानं शे. तेना अर्थ कोन इचारस? तू कसाले त्यामा पडनी?"

मी पडले नव्हते, मला विचारलं गेलं होतं. पण हे आबांना समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलालाच गाठलं. हेच गाणं का, असं विचारलं.

"आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब होतं, मॅडम," तो म्हणाला. "त्यांच्या मुलानं मला गिटार शिकवली. ते सगळे ऑस्ट्रेलियाला गेले. जाताना त्यानं ही रेकॉर्ड मला दिली. मला हे गाणं त्यांच्या रिकाम्या क्वार्टरचं वाटतं. भिंतीवर घड्याळाची गोल खूण तेवढी राहिली होती."

हे ऐकल्यावर त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी प्राचार्यांना सांगितलं, प्रेमाचं गाणं आहे.

"मग हा घड्याळवाला कोण?"

"मुलीचा बाप, सर."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

गॅदरिंगमध्ये मुलगा छान गायला. हॉलमध्ये इंग्रजी कळणारे थोडेच होते. पण झोपेची ओळ आली आणि मागून एक शिट्टी आली, तिच्यामागे टाळ्या. माझ्या पुढच्या रांगेत एक अनोळखी माणूस होता. अंगात साधा शर्ट, पण पायात पोलिसांचे लाल बूट. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. मान वळवून मागे मात्र पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तास चालू असताना शिपाई दारात आला. मुलाला चौकीवर नेलं होतं आणि मलाही बोलावलं होतं. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही मला जे सांगितलंत तेच तिथे सांगा." सोबत मात्र ते आले नाहीत.

चौकीत मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता. आमची नजरानजर झाली, पण बोलायची सोय नव्हती. त्यानं आत काय सांगितलं असेल? रस्ताभर मी याचाच विचार करत आले होते. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं.

साहेब वयस्क होते, थकलेले दिसत होते. मुलाकडून घेतलेली रेकॉर्ड त्यांच्यासमोर होती.

"कशाचं गाणं आहे हे?"

"प्रेमाचं."

"तो म्हणतो, शेजाऱ्यांचं."

वर्गात देते तसं उत्तर तोंडून निघून गेलं, "साहेब, गाण्याला दोन अर्थ असू शकतात."

"दोन असतील तर तिसराही असेल."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तो आवाजही मला मोठा वाटला. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मला विचारू नका, मॅडम. मला अर्थ लागला तर तो वर कळवावा लागेल." मग रेकॉर्ड माझ्याकडे सरकवली. "मी लिहितो, इंग्रजी गाणं, प्रेमविषयक. न्या त्याला. पुन्हा म्हणू नको म्हणावं."

पांझरा नदीच्या पुलावरून आम्ही देवपुराकडे चालत निघालो. अर्धा पूल झाला. मग तो म्हणाला, "मॅडम, प्रेमाचं आहे का ते?"

"असेलही."

"मग माझं चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं चुकलं नाही." एवढं बोलून मी मागे वळून पाहिलं. कुणी येत नव्हतं. तरी आम्ही पूल संपेपर्यंत पुढे काही बोललो नाही.

परीक्षा देऊन तो भुसावळला गेला आणि रेल्वेत लागला, असं नंतर कळलं. पुढच्या वर्षी आमचे अर्थशास्त्राचे सर सुटून आले, अंगानं निम्मे झालेले. मीही नोकरीत कायम झाले. पण आणीबाणीचं उरलेलं वर्षभर, कविता शिकवताना 'इथे कवीला काय म्हणायचं आहे?' असं मी सवयीनं विचारायची आणि वर्गातला एकही हात वर जायचा नाही. कुणी हात वर केला नाही की मला हायसं वाटायचं.