दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट

धाराशिवच्या पोलीस मुख्यालयात एक जुनी थ्री नॉट थ्री रायफल प्रदर्शनासाठी ठेवली आहे. तिच्यासमोरच्या कार्डावर माझ्या अक्षरातली एक ओळ आहे : 'सर्व भाग मूळचे.' ही ओळ एकदा सगळ्यांदेखत खोटी ठरली होती. त्यानंतरचे तीन दिवस मी विसरलेलो नाही.

मी तेव्हा मुख्यालयात राखीव पोलीस निरीक्षक होतो. या रायफली सेवेतून काढण्याचे काम सुरू होते. बहुतेक परत पाठवल्या होत्या, काही पोलीस ठाण्यांच्या गार्डकडे उरल्या होत्या. एक चांगली निवडून, गोळी सुटू नये म्हणून फायरिंग पिन काढून आम्ही ठेवून घेतली. शाळांसाठी शस्त्र प्रदर्शन भरले तेव्हा ती पहिल्या टेबलावर होती.

रांगेत एक माजी सैनिक होते. त्यांनी परवानगी मागून रायफल हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने बोल्टवरचे तेल पुसले. बोल्ट म्हणजे मागचा सरकणारा लोखंडी दांडा. तो पुढे सारल्याशिवाय रायफल चालत नाही. त्यावर आणि बॉडीवर एकच नंबर ठोकलेला असतो.

"सायेब, ह्यो बोल्ट हिचा न्हाय," ते म्हणाले. "नवरी दाखवली एक, बोहल्यावर उभी केली दुसरी."

मुले हसली. मी नंबर वाचले. दोन्ही वेगळे होते.

पोलीस अधीक्षकांनी दुपारीच आदेश दिला. तीन दिवसांत मूळ बोल्ट मिळाला नाही, तर शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदारावर गुन्हा दाखल करायचा. जुन्या शस्त्रांच्या शौकिनांना सुटे भाग विकले जातात, अशी चर्चा होतीच. हवालदारांची निवृत्ती महिनाअखेरीला होती. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही शिक्षा नव्हती.

मी त्यांच्याकडून चाव्या काढून घेतल्या आणि शस्त्रागारात त्यांना मनाई केली. दोन दिवस आम्ही बोल्ट शोधला. पेट्या रिकाम्या केल्या, भंगाराचा पंचनामा केला, त्यांच्या क्वार्टरमधली ट्रंकही उघडली. ट्रंकेत लुगडी, भांडी आणि मुलीच्या लग्नाचा अल्बम निघाला. त्यांच्या पत्नीने झडती घेणाऱ्या शिपायांना चहा दिला. कुणीही तो प्याला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना समोर बसवले.

"बोल्ट कुठे आहे?"

"म्हाईत न्हाय, सायेब."

"शस्त्रागारात दुसरे कोण जाते?"

माझ्या अनुभवात अडचणीतला माणूस या प्रश्नावर चटकन एक तरी नाव घेतो. या माणसाने रजिस्टर मागितले. शस्त्र परतीच्या एका नोंदीवर बोट ठेवले.

"सही माझी हाय. मग चूक बी माझीच. लिवा तुमी."

मी लिहिले नाही. तेव्हा ते पहिल्यांदाच वैतागले. "बत्तीस वर्सं हत्यारं पुसली म्या. आता मलाच पुसताय, पुसा. पन दोन दिस गेलेला बोल्ट धुंडताय. आलेला कुनाचा, हे कुनी इचारलं का?"

कुणीही विचारले नव्हते. मीही नाही.

याला एक कारण होते. रोजच्या कामात रायफल दस्त्यावर रंगवलेल्या बट नंबराने ओळखली जाते. ठोकलेला नंबर फक्त मूळ नोंदवहीत असतो. ती वही लोखंडी कपाटाच्या तळाशी होती आणि कित्येक वर्षांत कुणी उघडली नव्हती. ती बाहेर काढली. हवालदार नंबर वाचत गेले, मी बोट फिरवत गेलो. प्रदर्शनातल्या बोल्टचा नंबर सापडला. ती रायफल ढोकी पोलीस ठाण्याच्या गार्डकडे होती.

मग हवालदारांच्या रजेत शस्त्रागार पाहणाऱ्या सहायकाला बोलावले. ज्या नोंदीवर हवालदारांनी बोट ठेवले, त्या दिवशी माकणी भागातल्या एका वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाच्या अंत्यविधीला आठ रायफलींनी मानवंदना दिली होती. स्मशानातून आलेले हत्यार आंघोळीशिवाय आत घ्यायचे नाही, हा हवालदारांचा नियम. कारण ते सुतकाचे सांगत. फैरी झाडल्यावर नळीत राहणारा क्षार उकळत्या पाण्यानेच निघतो, हेही त्यांना ठाऊक होते. ते एका वेळी एकच रायफल उघडत. पण त्या दिवशी चुलते वारल्याने ते स्वतःच सुतकात, घरी होते.

"मी आठी बोल्ट एकाच घमेल्यात टाकले, सायेब," सहायक म्हणाला. "सहा नंबर बघून बसवले. तेवढ्यात ढोकीच्या बंदोबस्ताची गाडी हॉर्न द्यायला लागली. उरलेले दोन तसेच बसवले. बसले की बराबर!"

"बसतेत रं," हवालदार म्हणाले. "दुसऱ्याची चप्पल बी पायात बसती."

त्या दोनपैकी एक रायफल त्याच गाडीने ढोकीला गेली आणि तिथेच राहिली. हवालदार रजेवरून परतले आणि नंबर न पाहता परतीच्या नोंदीवर सही करून बसले. सहायकाची चूक असणार, हे चौकशीत त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी त्याचे नाव घेतले नाही.

आम्ही तिघे जीपने ढोकीला गेलो. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते. पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला. ठाणे अंमलदाराने रायफल टेबलावर ठेवली. बोल्ट ओढून मी तो हवालदारांच्या हातात दिला. चिंदीने पुसून त्यांनी नंबर मोठ्याने वाचला. तो आमच्याच रायफलीचा होता. सहायकाने बाकावर बसून टोपी काढली.

"ऊठ," हवालदार म्हणाले. "हिची आंगुळ राहिलीय."

संध्याकाळी दोन्ही बोल्ट आपापल्या रायफलीत गेले. अधीक्षकांनी अहवाल वाचून प्रकरण बंद केले. सहायकाला ताकीद मिळाली. कार्ड बदलावे लागले नाही. हवालदारांच्या घरी मी स्वतः गेलो आणि त्या दिवशी मागे राहिलेला चहा घेतला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. हरवलेल्या वस्तूमागे धावण्याआधी समोर पडलेली वस्तू नीट पाहावी. दुसरी गोष्ट अहवालात नाही. त्या नोंदीवर हवालदारांच्या सहीखाली 'तपासले, बरोबर' असा शेरा होता आणि त्याखाली माझी सही होती. मीही नंबर पाहिला नव्हता. चौकशीत त्यांनी बोट ठेवले ते स्वतःच्या सहीवर. खालच्या सहीवरून त्यांचे बोट एकदाही फिरले नाही.

महिनाअखेरीला त्यांनी शस्त्रागाराचा कार्यभार सोपवला. यादी तयार होती, माझ्या सहीची जागा मोकळी होती. मी पेन उघडले.

त्यांनी रजिस्टरावर तळहात ठेवला. "आधी नंबर बघा, सायेब," ते म्हणाले आणि पहिली रायफल माझ्या हातात दिली.