मूठभर धान्याची बालवाडी

एस.टी. पिशोरच्या स्टँडवरून हलली, तेव्हा आई मला निरोप द्यायला आलेली नव्हती. नवऱ्याला औरंगाबादच्या कंपनीत नोकरी लागली होती, ट्रंक टपावर चढली होती आणि मी फुगून बसले होते. "तू काय, सणावाराला येशीलच. माझी लेकरं दारात उभी असतील, मला बालवाडी उघडू दे," असं सांगून ती सकाळीच निघून गेली होती. गावात राहिलेल्यांनो, तिचा हा स्वभाव तुम्हाला नवा नाही.

तुमच्यातले निम्मे तर तिच्याच हाताखालून गेलात. सोमवारी प्रत्येकाने घरून मूठभर धान्य आणायचं, ही तिची रीत. कुणाची ज्वारी, कुणाचे मूग, कुणाचा मका. सगळं एका परातीत ओतायचं, मग चिमटीत एकेक दाणा धरून निवडायचं, पाच-पाचाच्या रांगा लावायच्या, दाण्यांचाच 'ग' मांडायचा. एखादा बहाद्दर मूग नाकात घालायचा आणि आईची तारांबळ उडायची. शनिवारी त्या धान्याच्या घुगऱ्या शिजायच्या. पोरगं लिहीत का नाही म्हणून कुणी तगादा लावला, तर ती म्हणायची, "आधी बोटं जागी होऊ दे, मंग पाटी धरू दे."

सिडकोत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मी नर्सरी काढली, बाहेर इंग्रजी बोर्ड लावला. वडील गेल्यावर आई एकटी पडली, तेव्हा तिला शिकवायला म्हणून बोलावून घेतलं. खरं तर मला शिकवणारी बाई नको होती, आई हवी होती. ती कायमची राहावी, एवढंच मनात होतं. ती आली, रमलीही. पहिल्याच सोमवारी मुलांना म्हणाली, "उद्या येताना घरून मूठभर धान्य आणा बरं." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही पिशोरचीच.

दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनीच आणलं. एका बंगल्यातून वॉचमनच्या हाती तांदळाची सीलबंद पिशवी आली, वर निरोप की हे आमच्याकडून दान. आणि करमाडहून शहरात आलेले एक वडील मोटरसायकल दारात लावून आत आले, ते तणतणतच.

"मावशी, फी येळेवर भरतो नं आमी? मंग ही मूठ कशाची मागता? गावाकडं जमीन हाय आमची. लेकराला मागायला शिकवायचं नाय आमाला."

मी समजवायला गेले, पण ते मुलाचं दप्तर उचलून निघालेही. आई परातीपाशी बसून होती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मी दुकानातून आणते ना धान्य," मी म्हणाले. "परात भरून आणते."

"इकतचं समदं एकाच घरचं. त्यात हे तुझं, हे त्याचं, असं लेकरांना काय दाखवू?" परात बाजूला सारत ती म्हणाली, "माझं मागणं त्यांना भीक वाटली, बाई. आता माझ्यानं मागणं व्हायचं नाय, अन् मागितल्याबिगर मला शिकवता यायचं नाय."

मी रडले, भांडले, तिच्या नातवाची शपथ घातली. त्याच आठवड्यात ती पिशोरला परतली आणि हात थरथरायला लागेपर्यंत बालवाडी चालवली. सिडकोत पाहुणी म्हणून यायची, दोन दिवस राहायची, माझ्या स्वयंपाकघरात डबा उघडतानाही विचारायची. ते विचारणं मला फार लागायचं. आता ती नाही. तिला माझं घर आपलं कधी वाटलंच नाही, ही खंत माझ्याबरोबरच जाईल.

माझ्यासारखेच गाव सोडून आलेले इथे माझ्या गल्लीत भरपूर आहेत. सगळे भले आहेत. पण इतक्या वर्षांत शेजारच्या दारात जाऊन वाटीभर साखर मागायला माझी जीभ रेटलेली नाही. संपली की दुकानात जाते.

पिशोरला मात्र उतरले की कुणाच्याही दारात उभी राहते आणि काहीबाही मागते. मूठभर शेंगा, चार मिरच्या. गरज नसते. "थांब गं, आणते," म्हणत ती बाई आत जाते, आणि ती बाहेर येईपर्यंत त्या दारातच मी माझ्या घरी असते.