मालग्याला मी गेले नाही

डायनिंग टेबलवर फ्लॅटचा नकाशा पसरला होता. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या. भोवती पाहुणे, लंडनमधली मराठी मंडळी. हे लंडन कॅनडातलं, ओंटारियोतलं. डॉक्टरकाका पेन फिरवत होते.

"ही आमची बेडरूम. समोर समुद्र. ही गेस्टरूम, तुम्ही याल तेव्हा. ही बाल्कनी. बारा महिने ऊन."

मग पेन स्वयंपाकघराच्या मागे गेलं. तिथे वॉशिंग मशीन, पाण्याचा हीटर आणि त्याला लागून एक चौकोन.

"आणि ही हिची."

मी काकूंच्या व्हीलचेअरमागे उभी होते. हात हँडलवर.

एका बाईंनी वाकून पाहिलं. "हिला खिडकी दिसत नाही."

काकू हसल्या. "तिला कशाला खिडकी? दिवसभर आमच्याच खिडक्या पुसत असते."

सगळे हसले. मीही हसले. ते सगळ्यात जास्त टोचतं. मी हसले.

मी स्पेनला जाणार हे मला असं कळलं. मालगा नावाच्या शहरात. सोफा न्यायचा की विकायचा, यावर त्या घरात दोन आठवडे चर्चा झाली होती. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी नागपूरची. नर्सिंगचा कोर्स केलेली. आठ वर्षं हॉस्पिटलात ड्यूटी केलेली. नवरा सोडून गेला. मुलगी सहा वर्षांची, तिला आईकडे ठेवून दोन हजार नऊ साली इथे आले. घरात राहून रुग्ण सांभाळणारी बाई, अशा परमिटवर. नियम सरळ होता. ठरलेल्या मुदतीत चोवीस महिने काम पूर्ण करायचं. कॅनडातच. मग कायम राहायला अप्लाय करता येतं, मुलीला आणता येतं. परमिटवर मालकाचं नाव असतं. माझ्या परमिटवर डॉक्टरकाकांचं होतं. ते चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलेले सर्जन, आता रिटायर्ड. काकूंना कंपवात. हात थरथरायचे, पाय उचलत नसत.

पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "मॅडम नको म्हणूस गं. काकू म्हण." मला बरं वाटलं. परक्या देशात कोणी काकू भेटली.

पहिल्याच आठवड्यात काकांनी पासपोर्ट मागून घेतला. "बेसमेंटमध्ये ओल असते. लॉकरमध्ये सेफ राहील." मी दिला.

माझी खोली बेसमेंटमध्ये. भिंतीवर मी एकच फोटो लावला होता. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. नाव सांगायची गरज नाही. आमच्या घरी तो असतोच. दोन महिन्यांनी काका घर तापवणारी फर्नेस बघायला खाली आले. माझं दार उघडं होतं. ते फोटोसमोर थांबले.

"अच्छा," म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "स्वयंपाकाचं आपण टिफिनवाल्या बाईंना सांगू या. तुला केवढं काम पडतं."

तोवर माझ्या हातची भाजी त्या मागून मागून खायच्या. आता माझा कप आणि ताट सिंकखालच्या कपाटात गेलं. "काका डॉक्टर आहेत ना. इन्फेक्शनचं फार बघतात." देवघराचा कोपरा सोडून बाकीचं घर मी पुसायचं.

आणि रोज सकाळी मी काकूंना उचलायची. कपडे काढायची. अंघोळ घालायची. संडास झाल्यावर धुवायची. कवळी काढून घासायची. माझे हात त्यांच्या सगळ्या अंगाला चालायचे. कणकेला चालायचे नाहीत.

मी गप्प राहिले. त्या चोवीस महिन्यांसाठी. दाताखाली जीभ धरून मी महिने मोजत होते. नकाशा पसरला तेव्हा एकोणीस झाले होते.

त्यानंतर घर रिकामं व्हायला लागलं. भिंतींवर फ्रेमचे फिकट चौकोन राहिले. बाहेर झाडंही उघडी पडली होती. दारात घर विकाऊ असल्याची पाटी लागली. एक दिवस त्या पाटीवर 'सोल्ड' आलं. लँडलाइन कापली. नागपूरला फोन करायला मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जावं लागायचं.

काका सीडी लावून स्पॅनिश शिकत होते. एक बाई वाक्य म्हणायची, काका तिच्यामागून म्हणायचे. मी विचारलं, "काका, मी पण ऐकू का?"

"तुला काय करायचंय? आम्ही आहोत ना बोलायला."

त्यांनी स्टडीचं दार लावून घेतलं. पण ते दार नीट लागत नसे. त्याच आठवड्यात त्या फटीतून मी ऐकलं. ते कोणाशी तरी सेलफोनवर बोलत होते.

"भाषा येत नाही, ओळख नाही. तिकडे ती जाणार कुठे? उलट तेच बरं आहे."

मी टॉवेलची बास्केट घेऊन उभी होते.

मारिसेल आमच्याच रस्त्यावर दुसऱ्या घरी काम करायची. फिलिपिन्सची. रविवारी आम्ही लायब्ररीत भेटायचो. मी तिला सांगितलं. तिने पुस्तक मिटलं.

"डोन्ट गो," ती म्हणाली. "बाहेरचे महिने धरत नाहीत. मुदत मात्र चालूच राहते."

मग तिने आपल्या मावसबहिणीचं सांगितलं. तीही अशीच एका कुटुंबाबरोबर दुसऱ्या देशात गेली होती. आधी दर आठवड्याला फोन यायचा. मग महिन्याने. मग नंबर लागेनासा झाला. मारिसेलने हे हळू आवाजात सांगितलं, लायब्ररी होती म्हणून नाही.

घरी येऊन मी काकांना म्हटलं, "माझे पाच महिने राहिलेत. दुसऱ्या घरी ते पूर्ण करते. मग येते."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मऊ आवाजात म्हणाले, "आम्ही सगळं बघतो म्हटलं ना? तू आता घरचीच आहेस."

"मग पासपोर्ट द्याल का?"

"कशाला?"

आपलीच वस्तू कशाला हवी, हे सांगायला मी कधी शिकलेच नव्हते.

नोव्हेंबरात ते मला टोरांटोला घेऊन गेले. व्हिसाला. गाडीने दोन तास. काकू पुढे, मी मागे फाइल मांडीवर घेऊन. फाइलला कुलपाची चेन होती. किल्ली काकांकडे.

काउंटरवर काचेमागे एक तरुण मुलगी होती. ती मला विचारायची आणि काका उत्तर द्यायचे.

"हिला इंग्लिश फारसं येत नाही," ते इंग्लिशमध्ये म्हणाले.

माझी नर्सिंगची सगळी परीक्षा इंग्लिशमध्ये झाली होती.

मुलगी म्हणाली, "सर, प्लीज मागे उभे राहा. ओन्ली द ॲप्लिकंट."

काका एक पाऊल मागे सरले. मुलीने फॉर्म आणि पासपोर्ट काचेखालून माझ्याकडे सरकवला. सही करायला. दीड वर्षाहून जास्त काळाने तो माझ्या हातात आला. आतला फोटो ओळखू येईना. गाल भरलेली कोणी बाई.

मी फॉर्म वाचला. कारण, पर्यटन. मुक्काम, नव्वद दिवस. सोबत काकांचं पत्र होतं, आमची मदतनीस आमच्याबरोबर सुट्टीवर येत आहे आणि परत येईल.

परत कुठे? घर विकलेलं. ते दोघं कायमचे निघालेले. परमिटवर त्यांचंच नाव. नव्वद दिवस मी पर्यटक. एक्क्याण्णवाव्या दिवशी मी कोण? ना इथली ना तिथली. भाषा नाही. ओळख नाही. जाणार कुठे? उलट तेच बरं.

मुलीने विचारलं, "इज एव्हरीथिंग करेक्ट, मॅम?"

"नो," मी म्हणाले.

"काय चुकीचं आहे?"

"आय ॲम नॉट गोइंग."

आवाज मोठा निघाला. रांगेतले लोक वळले. मी फॉर्म परत सरकवला. पासपोर्ट पर्समध्ये टाकला, चेन लावली. मुलीने माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "ओके," म्हणाली आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर लिफ्टपाशी काका दातओठ खात हळू बोलले. "पासपोर्ट दे."

"नाही."

"कोणाच्या जिवावर उभी आहेस इथे?"

"माझ्या."

"तुमच्या लोकांसाठी कितीही करा, शेवटी..." ते थांबले.

"पूर्ण करा ना, काका. आमच्या लोकांचं काय?"

ते लिफ्टच्या दाराकडे बघत राहिले.

काकू रडत होत्या. हनुवटी थरथरत होती. "मला अंघोळ कोण घालणार गं?"

खरं सांगते, तेव्हा मी हलले. ते शरीर मला पाठ होतं. कुठे दुखतं, कुठे धरायचं, सगळं. लिफ्ट आली आणि माझा हात आपोआप व्हीलचेअरच्या ब्रेककडे गेला. मी तो मागे घेतला.

"माहीत नाही, काकू."

दार बंद झालं.

बसने लंडनला आले. सामान ड्राइव्हवेत होतं. काळ्या गार्बेज बॅगा, पावसात. मारिसेलने एका खोलीत जागा मिळवून दिली. आम्ही चौघी, गाद्या दोन. नवीन मालक मिळून नवीन परमिट यायला पाच महिने गेले. तेवढे दिवस काम नाही, आणि मुदत चालूच. आईला फोन केला तर म्हणाली, "काहून नाही गेली व? चांगलं ऊन होतं म्हणे तिथं." तिला काय सांगणार?

दुसऱ्या घरी उरलेले महिने भरून मी चोवीस पूर्ण केले. मुलगी अजून आलेली नाही. अर्ज चालू आहे. आता ती फोनवर माझ्याशी मोजकंच बोलते.

मालकाने कामवालीचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, असा इथे कायदा आला आहे. मी काकांविरुद्ध तक्रार लिहिली. त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

मग इथल्या मराठी मंडळातल्या एका ज्येष्ठांचा फोन आला. रिटायर्ड प्रोफेसर. आवाज अगदी सभ्य.

"तुम्ही शिकलेल्या आहात. आपसात मिटवू या. आपल्या माणसांची नावं सरकारी ऑफिसात कशाला?"

"सर, आपल्या म्हणजे कोणाच्या?"

ते विषय बदलून म्हणाले, "त्यांचं वय बघा. तिकडे उन्हात वहिनींना जरा बरं वाटतंय म्हणतात."

"वाटू दे बरं. त्यांचं ऊन मी मागत नाही."

"मग मागता तरी काय?"

"ते मला कोंडायला नेणार होते. ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. नाही बोलले, तर मी बोलेन. सगळ्यांसमोर."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमांचे ईमेल मला यायचे बंद झाले.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. ते मालग्याहून येणार नाहीत, वकील पाठवतील. ऑफिसातून मला विचारलं, दुभाषा हवा का? मी नको म्हटलं. माझ्या वतीने बोलणारी माणसं मी खूप पाहिली. त्या खोलीत आता माझ्या तोंडचं प्रत्येक वाक्य माझं असेल. कणकेचंही सांगणार आहे.