मिलिटरीची गोळी

ती केस आजही आठवली की अंगावर काटा येतो. मी सातवी नापास. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. माणूस ओळखण्यात कुणी माझा हात धरील, असं मला वाटत नव्हतं.

कोरेगावकडच्या एका गावात सैन्यभरतीची तयारी करणारा पोरगा झोपेतच गेला. गाव म्हणालं, जास्त पळाला. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मला पटेना. दोन दिवसांनी खबऱ्या आला. "सायेब, पोरं पायदुखीवर मिलिटरीची गोळी खात्यात. स्टँडवरचा पानपट्टीवाला देतो."

आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. मिलिटरीची म्हटलं की वस्तू कुणी पारखत नाही.

पानपट्टीवाल्याला उचलला. पंचनाम्यात सुट्या पांढऱ्या गोळ्यांची पिशवी निघाली. मिरजेच्या एका इसमाकडून घेतल्या म्हणाला.

"अस्सल हायत सायेब. लष्करी दवाखान्यातल्या."

"तुझ्या घरात कुणाला दिलीस का रं?"

"दिल्या की! म्हाताऱ्याचा गुडघा दुखतोय, आत्ताच दोन देऊन आलोय. सख्ख्या बापाला खोटी गोळी दीन व्हय?"

छाती काढून सांगत होता. मी उठलोच. त्याला जीपमध्ये घातला, वाटेतच १०८ ला फोन लावला.

म्हातारा पडवीत घोरत पडलेला. म्हातारी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आवं, हळू बोला. लय दिसांनी डोळा लागलाय त्यांचा."

ओठ निळे पडले होते. हाका मारल्या, छातीवर मुठीनं रगडलं, हालचाल नाही. एक श्वास आला की दुसरा येईतोवर आमचा जीव टांगणीला. कुशीवर वळवला. ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, तसं थोड्या वेळानं म्हातारा शिवी हासडतच जागा झाला. पानपट्टीवाला भिंतीला टेकून खाली बसला.

तपासणीचा अहवाल वाचून मीही हादरलो. एकाच पिशवीतल्या काही गोळ्या नुसता खडू, काहींत अफूपेक्षा कितीतरी जहाल औषध. दिसायला सगळ्या सारख्या.

नंतर जबाबात मेलेल्या पोराचा मित्र म्हणाला, "घोरत हुता, म्हणून आमी पांघरूण घातलं."

म्हणून सांगतो. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, मेडिकलमधली, पाकिटातली घ्या. गोळी खाल्लेला माणूस घोरतोय आणि हलवून उठत नाही, तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, १०८ लावा, त्याच्यापाशी थांबा.

लबाड माणूस मी नजरेवरून ओळखायचो. हा पानपट्टीवाला लबाड नव्हता. त्याचा त्या गोळीवर खरोखर विश्वास होता, आणि एक पोरगं गेलं ते त्याच विश्वासानं.