सायकलपुरती वाट

मनकर्णाबाईच्या तोंडी लागू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त वाशिमहून रविवारी सकाळी येणाऱ्या सायकलवाल्यांना. डोक्यावर पदर, साध्या लेडीज सायकलीच्या कॅरिअरवर पोतं, आणि बाई पायडल मारत तलावाकडे चाललेली. त्यांना ती फार गोड वाटली.

गावापासून तलावापर्यंत एक पांदण जाते, म्हणजे शेताशेतांतून जाणारा गाडीरस्ता. सरकारी नकाशात तो दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी निघून जातील एवढा रुंद आहे. जमिनीवर मात्र एका अंगाला नाला आणि दुसऱ्या अंगाला मारोतरावाचा संत्र्याचा बगीचा, आणि दोहोंच्या मधे उरली ती सायकलपुरती वाट. मारोतरावानं ती एका दिवसात खाल्ली नव्हती. दरवर्षी पेरणीआधी नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, पांदणीच्या बाजूला जास्त मारायचं, फक्त एक. वीस वर्षं त्यानं हे इमानानं केलं. मग मिळालेल्या जमिनीवर संत्र्याच्या दोन ओळी लावल्या आणि बाहेरून बाभळीच्या काट्या टाकून कुंपण केलं.

या पांदणीच्या टोकाला, तलावाला लागून, मनकर्णाबाईचं तीन एकर वावर होतं. मारोतराव तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. नवरा गेला तेव्हा बाई चाळिशीत होती, मूलबाळ नव्हतं. ज्या वावरात गाडी जात नाही ते बाई किती दिवस धरून बसेल, आज ना उद्या आपल्याच पदरात टाकेल, असा मारोतरावाचा अंदाज होता. बाईनं तो ओळखला आणि त्याच आठवड्यात जऊळक्याच्या सैफुद्दीन मिस्त्रीच्या दुकानात जाऊन जुनी लेडीज सायकल घेतली.

सैफुद्दीननं कॅरिअरला लोखंडी सळया जोडून दिल्या आणि विचारलं, "बाई, चालोता येते का?"

"येईन," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी ती नाल्यात पडली. मारोतराव बगीच्यातच उभा होता. आता या घराण्याची एक रीत सांगितली पाहिजे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्यानंही तिच्याशी सरळ बोलायचं नाही. बोलायचं झालंच तर मधे कोणीतरी लागतं. माणूस नसलं तर बैल, कुत्रं, झाड, काहीही चालतं. त्या दिवशी मारोतरावानं बैल निवडला.

"पाह्य रे ढवळ्या," तो म्हणाला, "आता बाया सायकली चालोतीन."

मनकर्णाबाई चिखलातून उठली आणि सायकलीला म्हणाली, "तू पाड बापा मले पायजे तितक्यांदा. मी काई वावर इकत नाई."

त्यानंतर अकरा वर्षं हेच चाललं. दोघांमधे जेवढं बोलणं झालं तेवढं कित्येक नांदत्या घरांत होत नाही, पण त्यात एक वाक्य सरळ नव्हतं. त्यानं कुत्र्याला सांगितलं की काही लोकांना हट्टापायी गुडघे गमवायचे असतात. तिनं विळ्याला सांगितलं की काही लोकांना मेल्यावर किती हात जागा लागते ते ठाऊक नसतं. आणि तिचा एक नेम पक्का होता: बगीच्यापर्यंत आवाज जाईल अशा जागी आपल्याला त्रास आहे असं चुकूनही म्हणायचं नाही.

त्रास होता, चिक्कार होता. सोयाबीन बावीस पोती झालं की बावीस खेपा. मळणीयंत्र जात नाही म्हणून हातानं बडवायचं. शेणखत तर वावराला अकरा वर्षांत मिळालं नव्हतं, सायकलवर किती नेणार? एका वर्षी काढणीनंतर पाऊस आला आणि अर्धं सोयाबीन गंजीतच उगवलं. त्या दिवशीसुद्धा बगीच्यासमोरून जाताना ती गाणं गुणगुणत गेली. तालुक्याच्या कचेरीत मात्र दरवर्षी न चुकता अर्ज द्यायची: पांदण मोकळी करून द्यावी.

सायकलवाल्यांना ही वाट सापडली ती अकराव्या वर्षी. वाशिमच्या सायकल मंडळातली निकिता नावाची कॉलेजात शिकवणारी मुलगी होती, तिनं मार्गच आखला. मालेगावचा रस्ता सोडायचा, गावात शिरायचं, पांदणीनं तलावाच्या बांधावर, तिथून सागाच्या जंगलातून जऊळका स्टेशन, तिथं चहा. वाटेत पळस, पाण्यावर बदकं, नशीब असलं तर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप. मोबाईलवर तिनं लिहिलं की जिल्ह्यात एवढी शांत वाट दुसरी नाही, इथं ट्रॅक्टर येत नाही, जीप येत नाही. का येत नाही, हे त्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. रोह्यांनी मनकर्णाबाईची तूर खाल्ली होती, आणि हे रोह्यांचे फोटो काढत होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी निकितानं तिला पांदणीतच गाठलं आणि मोबाईल समोर धरला.

"मावशी, रोज याच वाटेनं जाता? त्रास नाही होत?"

मनकर्णाबाई उत्तर देणार तोच कुंपणापलीकडून मारोतराव संत्र्याच्या झाडाला म्हणाला, "तरास असन तं इकून टाका म्हना वावर. कोन अडोलं?"

बाईची कानशिलं तापली. तिनं बगीच्याकडे पाहिलं नाही, सरळ मोबाईलमधे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मले कायचा तरास? मी मजेत जातो सायकलनं. मले काई तरास नाई."

निकिताला भरून आलं. तिनं तेवढंच वाक्य ठेवून तो व्हिडिओ टाकला, आणि तो फिरत फिरत गावातही पोचला. झाडाशी बोलणारा म्हातारा तिनं कापून टाकला, कारण तो मधेच काय बडबडला ते तिला समजलं नव्हतं.

महिन्याभरात अर्जाला एकदाचं फळ आलं. नायब तहसीलदार जागा पाहायला येणार होते. साताऱ्याकडचा माणूस, नुकताच बदलून आलेला. तो तलाठ्याला घेऊन पांदणीत उभा राहिला, नकाशा उघडला, आणि मारोतरावानं हसत हसत खिशातून मोबाईल काढला.

"सायेब, मी काय सांगू. बाई सोताच काय म्हन्ते ते आयका."

मले काई तरास नाई, असं मनकर्णाबाई स्वतःच्याच तोंडून ऐकत उभी राहिली. एकदा नाही, साहेबानं दोनदा लावून पाहिलं.

"बाई, या तुम्हीच ना? मग अर्ज कशासाठी केलाय?"

"सायेब, हे मी त्या पोरीले नाई बोलली," ती म्हणाली. "त्याइले बोलली."

"कोणाला? यात तर दुसरं कोणी दिसत नाही."

तिनं पदर पुढे ओढला. तलाठी गावचाच होता, त्याला सगळं कळत होतं, पण तो नकाशाची घडी सरळ करत बसला. मारोतराव त्याच्याकडेच वळून म्हणाला, "तलाठीबुवा, लिहून टाका. बाईले काई तरास नाई."

साहेबाच्या पेनाचं टोपण निघालेलं तिला दिसलं. हे एक वाक्य कागदावर गेलं की पांदण गेली, आणि पांदण गेली की वावर आज नाही तर उद्या जाणार, गुडघे थकतील तेव्हा. आणि ते व्हायला नको असेल तर, अकरा वर्षं जे तिनं त्या माणसाला कळू दिलं नव्हतं ते त्याच्यासमोर तोंड उघडून कबूल करायचं. तिला त्या दोन्हींचा सारखाच संताप आला.

तिनं डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला आणि चार पावलं चालून त्याच्यापुढे उभी राहिली.

"मारोतराव," ती म्हणाली.

तलाठ्याच्या हातातला नकाशा तसाच राहिला. त्या घरातल्या कुठल्याही सुनेनं भासऱ्याचं नाव घेतलेलं त्यानं ऐकलं नव्हतं.

"इकडं पाहा, मारोतराव. मले तरास हाये. अकरा वर्सं हाये. बावीस पोत्याइच्या बावीस खेपा करतो मी. गुडघे मले झोपू देत नाई. माह्यं सोयाबीन वावरातच उगोलं, तवा मी घरी जाऊन रडली. तुमी हासान म्हून आजवर नाई सांगतलं. आता हासा."

मारोतराव हसला नाही. त्यानं मान फिरवली आणि तलाठ्याला म्हणाला, "बाईले मोठ्याइचं भान नाई राह्यलं."

"तलाठ्याले काय सांगता?" ती म्हणाली. "मी इथं उभी हाय. मले सांगा."

त्याला ते जमलं नाही. तो बगीच्यात निघून गेला. साहेबानं तिला पुन्हा एकदा, सावकाश, सगळं सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

उन्हाळ्यात मोजणी झाली आणि जेसीबी आला. संत्र्याच्या दोन्ही ओळी गेल्या. झाडं फळावर होती, आणि ती मुळासकट उलटी पडताना मारोतराव टोपी हातात धरून बघत होता. मनकर्णाबाई नाल्याच्या काठावर बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते पाहत राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं, असं गावातल्या दोघीतिघी म्हणाल्या. तिला बरं वाटलं.

पुढच्याच रविवारी सायकलवाले आले. निकिता पांदणीच्या तोंडाशी थांबली. ताजा मुरूम, उडणारा फुफाटा, सावलीचा पत्ता नाही. मनकर्णाबाई शेणखतानं भरलेल्या ट्रॅक्टरपुढे पायी चालत येत होती.

"मावशी, किती सुंदर वाट होती हो," निकिता म्हणाली. "हे कोणी केलं?"

उरलेल्या बगीच्यातून मारोतराव एका झाडाला काहीतरी सांगायला लागला होता. मनकर्णाबाईनं तिकडे कान दिला नाही. तिनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्या केलं," ती म्हणाली. "आन सरका बाजूले, गाडी येऊन राह्यली."