पूजेसाठी थांबलेला बूस्टर

बूस्टर तिसऱ्यांदा ट्रिप झाला आणि नटेशन मेस्त्रीने खिशातून काड्यापेटी काढली. त्याला विडी ओढायची नव्हती. मोटरच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटरला झेपेल त्याहून जास्त भार आला की तो वीज तोडतो. त्यात काडी अडकवली की तोडत नाही. मग मोटर चालते, जळेपर्यंत.

मी पॅनेलला पाठ लावून उभा राहिलो. "आधी मला हलवा, मग काडी घाला," म्हणालो.

हे रायपुरमला, बंदराच्या अंगाला, विजयादशमीच्या सकाळी. मद्रासमध्ये तेव्हा कोळंबी गोठवून परदेशी पाठवण्याचं वेड नवीन होतं. दुरैसामी नावाच्या तरुण मालकाने आईच्या सुकट-गोदामात हा प्लांट टाकला होता, आणि यंत्रं आमच्या कंपनीची होती. कंप्रेसर आणि मोटर निवडायचं काम माझं. आतल्या कोल्ड स्टोअरमध्ये त्याचा पहिला परदेशी माल छतापर्यंत रचलेला होता. बोट धक्क्याला लागली होती. माल एकदा मऊ पडला की तपासणीत नापास, आणि दुरैसामी परत सुकट विकायला मोकळा. स्टोअरच्या दारावरचा थर्मामीटर वर चढत होता. मी दर मिनिटाला तिकडे बघत होतो, जणू माझ्या बघण्याने तो थांबणार होता.

मोटरची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा जीव का खालीवर होत होता ते कळेल. फार थंड खोलीतून येणारा अमोनिया वायू अगदी विरळ असतो. त्याला एका दमात दाबून वर नेणं एका कंप्रेसरच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून दोन टप्पे. पहिला कंप्रेसर, बूस्टर, त्याला अर्ध्या जिन्यापर्यंत नेतो; दुसरा तिथून वर. वायू विरळ असला की बूस्टरला काम थोडं, छोटी मोटर पुरते. पण खोली गरम असेल तर तोच वायू दाट होऊन येतो. सिलिंडर तेवढाच, माल कितीतरी पट. छोट्या मोटरला धाप लागते.

मी मोठी मोटर मागितली होती. आमचे साहेब परांजपे, पुण्याचे. ते म्हणाले, "अहो राव, गरम खोलीत प्लांट सुरू होणार आयुष्यात एकदा. तेव्हा तुम्ही उभे राहून हळूहळू सुरू करा. त्या एका दिवसासाठी मुंगीवर हत्तीची झूल कशाला?"

गिऱ्हाइकाला विचारून ठरवू, म्हटलं. दुरैसामीला विचारलं, "प्लांट बंद कधी ठेवणार?"

"कधीच नाही सार. रात्रंदिवस चालणार."

छोटी मोटर बसली.

आता त्याच दुरैसामीला मी तमिळमध्ये ओरडून विचारत होतो, "बंद करणार नाही म्हणाला होतात ना?"

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "बंद कुठे केलं सार? आयुधपूजा होती."

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, आदल्या दिवशीची हत्यारं-यंत्रांची पूजा. मी तंजावरचा मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखातला. आदल्या दिवसापासून माझी स्वतःची आकडेमोडीची स्लाइड रूल मद्रासमधल्याच तिरुवल्लिकेणीच्या घरी देवापुढे चंदन लावून बसली होती. सकाळी निरोप आला तेव्हा मी ती उचलायला गेलो, तर आई म्हणाली, "पुनर्पूजा होऊस्तोर हात लावू नक्को, सांगट्लें ना?" अख्खा बसप्रवास मी तोंडी गुणाकार करत आलो होतो. दुरैसामीला काय बोलणार, कपाळ!

नटेशनने आयुष्यभर छापखान्यात काम केलेलं. तिथे पूजेला यंत्र थांबतं, धुतात, हार घालतात, दुसऱ्या दिवशी पूजा उतरवल्यावरच हात लावतात. इथेही त्याने तेच केलं. स्टोअरचं दार निदान लावलेलं होतं. पण माल गोठवायची खोली, फ्रीझर, तिच्या आत जाऊन कापूर लावला, आणि धूर बाहेर जावा म्हणून दार रात्रभर सताड उघडं ठेवलं. मद्रासची सगळी उकाड्याची हवा आत.

इथे मला उत्तर दिसलं. दोन्ही खोल्यांचा वायू एकाच नळातून बूस्टरला येत होता. दाट वायू होता तो फ्रीझरचा.

"फ्रीझरचा व्हॉल्व्ह बंद करा," मी म्हणालो. "आधी नुसतं स्टोअर."

"नाही!" दाराशी बसलेल्या दुरैसामीच्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. बाहेर बर्फात पहाटेची ताजी कोळंबी टोपल्यांतून थांबली होती. "विजयादशमीला नवा माल आत गेलाच पाहिजे. आज रिकामं ठेवलं तर वर्षभर रिकामं राहील."

"अम्मा, तो आत घातला तर जुना जाईल."

"जुन्याला काय होतंय? एवढा दगडासारखा आहे."

दुरैसामी आईकडे बघे, माझ्याकडे बघे, थर्मामीटरकडे बघे. मला त्याचा राग येत होता आणि दयाही. शेवटी मी वैतागून म्हणालो, "अम्मा, देवाला सगळ्या टोपल्या लागतात का? एक ट्रे तुमच्या हाताने स्टोअरमध्ये ठेवा. मुहूर्त झाला. बाकीचा बर्फात राहू दे."

म्हातारीने टोपल्या एकदा मोजून पाहिल्या. मग पदर खोचून उठली. "एक ट्रे चालेल," म्हणाली. "पण मोठा."

व्हॉल्व्ह बंद केला. आधी दुसरा कंप्रेसर एकटाच चालवून स्टोअर जमेल तेवढं थंड करून घेतलं, मग बूस्टरचं बटण दाबलं. मोटर कण्हली. वीज मोजणाऱ्या ॲमीटरचा काटा वर गेला, थरथरला, आणि खाली यायला लागला. नटेशनने काड्यापेटी खिशात टाकली. मला मात्र दुपारपर्यंत बसवेना. स्टोअरच्या दारापाशी येरझाऱ्या घालत होतो. फ्रीझरचा व्हॉल्व्ह नंतर थोडा थोडा उघडत नेला. संध्याकाळी टोपल्या आत गेल्या. माल तपासणीत पास झाला, बोट गेली.

परांजपे साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मोटरचा कागद पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाले, "आमच्याकडेही दसऱ्याला हार घालतात हो. पण चालत्या यंत्राला."

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी मद्रासेत कुणालाही प्लांट बंद कधी ठेवता हे विचारलं नाही. सगळे कधीच नाही म्हणतात आणि मनापासून म्हणतात. मी विचारायचो, आयुधपूजेचा कापूर कुठे लावता, दाराबाहेर की आत? आत म्हणाले की मोटर एक साईज वरची.